परवाना त्यांचा, तारण आपले

परदेशी शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडायला दहा ते पंधरा वर्षे लागतात. ज्या नोकरीच्या भरवशावर ते काढले जाते, ती करण्याची परवानगी मात्र परके सरकार देते, आणि तीही कधी बारा महिन्यांची, कधी दोन वर्षांची, फार तर तीन-चार वर्षांची. मधल्या काळात काही बिघडले तर झळ कोणाला बसणार, हे आजच ठरलेले आहे. ती पालकांच्या राहत्या घराला बसते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही पगारदारांची शहरे. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, मंत्रालय, महापालिका आणि खासगी कचेऱ्यांत उभी हयात घालवून, रोजचा लोकलचा प्रवास सोसून इथल्या कुटुंबांनी जी एकमेव मोठी मालमत्ता जोडली, ती म्हणजे फ्लॅट. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, तेव्हा पुढे करायला दुसरे काही नसते. तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था आहेत, पण त्यांचा व्याजदर चढा असतो आणि सहकर्जदार म्हणून सही पुन्हा आईवडिलांचीच लागते. या व्यवहारात ज्यांना उत्पन्न मिळते त्या सल्लागारांनी आणि बँकांनी कामाच्या परवान्याचा धोका सही घेण्याआधी लेखी मांडला पाहिजे. सल्लागारांना राज्याच्या कायद्याने आणि बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाने ते भाग पाडले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

परवाना म्हणजे नेमके काय, हे आधी नीट पाहू. कारण प्रवेशाच्या बोलण्यात तो पदवीचाच एक भाग असल्यासारखा येतो. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळते, ती बारा महिन्यांची. तिचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताच्या सरकारी यादीतला, म्हणजे ‘स्टेम’ असेल, तर आणखी २४ महिने मागता येतात. या वाढीव मुदतीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या पडताळणी व्यवस्थेत नोंदलेली लागते आणि आय-९८३ या अर्जात प्रशिक्षणाचा आराखडा तिने सहीनिशी द्यावा लागतो. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ नोकरीविना गेला, तर तिथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो; स्टेमच्या वाढीव मुदतीसह ही मर्यादा १५० दिवसांची. शिकत असताना सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, पूर्णवेळ बारा महिने काम केले, की त्या पातळीवरची ओपीटी हातची जाते. एकाच विद्यापीठातले दोन अभ्यासक्रम नावाने जवळजवळ सारखे असतात, पण एक स्टेममध्ये मोडतो आणि दुसरा मोडत नाही. विद्यापीठ देते त्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर छापलेल्या सहा आकडी वर्गीकरण क्रमांकावरून ते कळते. त्या सहा आकड्यांवर चोवीस महिन्यांची कमाई अवलंबून असते, आणि शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी ते तपासून घ्यायचे, हे किती घरांना कोणी सांगते?

बरे, हे नियम तरी स्थिर आहेत का? ओपीटी अमेरिकी संसदेने कायदा करून दिलेली नाही; प्रशासनाच्या नियमातून ती १९९२ मध्ये आली. स्टेमसाठीची वाढ २००८ मध्ये १७ महिन्यांची म्हणून सुरू झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरवला, कारण लोकांच्या हरकती न मागवताच तो लागू केला होता. मग सरकारने रीतसर प्रक्रिया करून मे २०१६ पासून २४ महिन्यांचा नवा नियम आणला. त्यालाही तंत्रज्ञांच्या एका अमेरिकी कामगार संघटनेने आव्हान दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायालयात तो दोन विरुद्ध एक अशा मतांनी टिकला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला म्हणून वाचला. म्हणजे ज्या सवलतीवर घाटकोपरपासून बदलापूरपर्यंतच्या घरांचे हिशेब उभे आहेत, ती दोन न्यायमूर्तींच्या मतांवर तगली आहे, आणि पुढचे कोणतेही प्रशासन नवा नियम काढून ती आखडू शकते. मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणेच काही आठवडे थांबले होते, आणि त्या पुन्हा सुरू झाल्या त्या समाजमाध्यमांच्या खात्यांच्या तपासणीसह. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत ज्यांना ऑगस्टच्या आत मुलाखत हवी होती, त्यांच्यासाठी ते आठवडे फार महागाचे होते.

अमेरिका सोडून इतरत्र गेले तर निवांत राहता येईल, असेही नाही. ब्रिटनने शिक्षणानंतरचा कामाचा व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद केला, जुलै २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने दोन वर्षांसाठी पुन्हा उघडला, आणि १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना, पीएचडी सोडून, तो १८ महिन्यांचा करायचे ठरवले आहे. त्यानंतर तिथे टिकायचे तर कुशल कामगार व्हिसा लागतो. त्याची किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० वर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर गेली. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना सूट धरूनही ती ३३,४०० आहे. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, भारतीयांना सोयीची असलेली जलद अर्जप्रक्रिया त्या नोव्हेंबरात बंद केली, आणि महाविद्यालयीन पदविका घेणाऱ्यांना शिक्षणानंतरचा कामाचा परवाना ठरावीक विषयांपुरताच ठेवला. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये पदवीनंतरच्या व्हिसासाठीची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर आणली आणि विद्यार्थी व्हिसाचे शुल्क ७१० डॉलरवरून १६०० केले, पुढच्या वर्षी २०००. या साऱ्या देशांना हे करण्याचा अधिकार आहे आणि त्यांच्या मतदारांना उत्तर देणे हे त्यांच्या सरकारांचे काम आहे, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघालेल्या मुलाला निघतानाचे नियम परततानाही तेच सापडतील, असे गृहीत धरून दहा-पंधरा वर्षांचे कर्ज घेणे आणि देणे, हा वेगळा विषय आहे आणि तो पूर्णपणे आपल्या हातातला आहे.

कागदावर हिशेब मांडून पाहू. समजा ४० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतले, निम्मे पहिल्या वर्षी आणि निम्मे दुसऱ्या. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि नंतरचे सहा महिने हप्ता सुरू होत नाही, पण सरळ व्याज चढत राहते. ते सुमारे ८ लाख ४० हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी डोक्यावर ४८ लाख ४० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ६५,३०० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर ५३,५०० रुपये. आता हा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत चांगल्या नोकरीला लागली आणि महिन्याला २००० डॉलर बाजूला काढू शकली, तर ९० रुपये दराने ते १ लाख ८० हजार होतात आणि सगळे कर्ज साधारण ३१ महिन्यांत फिटते. याच उदाहरणाच्या जोरावर शेजारच्या घरातही कर्जाचा अर्ज भरला जातो. पण ३१ महिने म्हणजे पहिले बारा आणि स्टेमचे चोवीस मिळून जे ३६ होतात, त्यांतला जवळजवळ सगळा काळ. विषय स्टेममध्ये मोडला नाही आणि बारा महिन्यांतच परतावे लागले, तर तीच काटकसर करूनही जवळजवळ ३१ लाख रुपये शिल्लक राहतात, आणि ते इथल्या पगारातून दहा वर्षे सुमारे ४१,९०० रुपयांच्या हप्त्याने फेडावे लागतात. नोकरी शोधण्यात तीन महिने गेले, तर शिल्लक आणखी वाढते. ब्रिटनच्या १८ महिन्यांतही एवढे कर्ज फिटत नाही. आणि तिकडे कामच मिळाले नाही, तर ऐरोलीतल्या किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या कंपनीत वर्षाला दहा लाखांची, म्हणजे इथल्या मानाने बरी नोकरी मिळूनही, हाती येणाऱ्या ७५ हजारांतले ६५ हजार हप्त्यात जातील.

हप्ता सुरू होतो तेव्हा वडिलांचे वय काय असते, तेही पाहावे लागेल. राज्य सरकारी कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा ६० व्या. मूल पदव्युत्तर शिक्षणाला निघते तेव्हा सहकर्जदार बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. म्हणजे हप्ता आणि निवृत्तिवेतन एकाच सुमाराला सुरू होण्याची शक्यता दाट. हप्ते ९० दिवस थकले की खाते अनुत्पादित ठरते, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारण असलेल्या घराचा ताबा बँक न्यायालयात न जाताही घेऊ शकते. व्याजावर मिळणारी ८०-ई कलमाखालची प्राप्तिकर सवलत नव्या करप्रणालीत नाही. हे सगळे नियम जाहीर आहेत, त्यांत लपवलेले काही नाही. पण कर्ज मंजूर होताना व्याजाचा दर, प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता कागदावर येतो. ‘परवाना मिळाला नाही तर’ या शब्दांनी सुरू होणारी एकही ओळ येत नाही.

अमेरिकेत पुढची पायरी एच-१बी, म्हणजे कुशल नोकरीचा व्हिसा. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी तिची मर्यादा. २००१ ते २००३ या वर्षांत ती १ लाख ९५ हजार होती. आज नौपाड्यात किंवा टिळकनगरात ‘आमचा मुलगा तिकडे स्थायिक झाला’ असे जी कुटुंबे सांगतात, त्यांतली बरीच त्या सैल काळातली आहेत. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी ३,४३,९८१ पात्र नोंदण्या आल्या आणि १,२०,१४१ सोडतीने निवडल्या गेल्या, म्हणजे शंभरातल्या ३५. ओपीटीच्या तीन वर्षांत तीनदा नशीब आजमावले आणि दरवेळी हाच दर राहिला, तरी शंभरातले २७ जण तिन्ही वेळा मागे राहतात. हे तेव्हा, जेव्हा तिन्ही वर्षी कंपनी अर्ज करायला तयार असेल. आता ही सोडतही समान राहिलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रस्तावित आणि डिसेंबरात अंतिम झालेल्या नियमाने पगाराच्या पातळीप्रमाणे वजन ठरले, सर्वांत वरच्या पातळीला चार संधी, सर्वांत खालच्या पातळीला एक. नुकती पदवी घेतलेल्याचा पगार बहुधा खालच्या पातळ्यांवरचाच असतो. त्याच सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल मागणाऱ्याला ती लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला, आणि तो मोठा दिलासा आहे. पण ओपीटी संपून जो भारतात परतला, त्याला पुन्हा बोलावण्यासाठी कंपनीने सुमारे ९० लाख रुपये मोजायचे, हा त्याचा दुसरा अर्थ. नुकत्याच लागलेल्या अभियंत्यासाठी कोण मोजेल? विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संशोधन संस्था एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर आहेत, तो मार्ग खरा आहे, मात्र तिथल्या जागा थोड्या आणि पगार कमी.

कर्जाचा हप्ता आणि संपत आलेली मुदत यांच्यामध्ये सापडलेले मूल काय करते, याचा पुरावा गेल्या पंधरा वर्षांत पुरेसा जमा झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये छापा पडला आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांत माग काढणारी उपकरणे बांधली गेली. मिशिगनमधले फार्मिंग्टन विद्यापीठ तर अमेरिकी यंत्रणेने सापळा म्हणूनच उभारले होते. २०१९ च्या जानेवारीत तिथे नाव घातलेले १२९ भारतीय पकडले गेले. पहिल्या दिवसापासून काम करू देणारा प्रवेश हवा होता म्हणून ती मुले तिथे गेली होती. त्यांनी नियम मोडले, हे खरेच. पण माणूस असा मार्ग का धरतो, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या घरच्या कर्जाकडे पाहावे लागेल. घरी फोन करून ‘परत येतो’ म्हणता येत नाही, कारण परत येण्याचा अर्थ वडिलांच्या फ्लॅटशी बांधला गेला आहे.

पूर्वीही लोक परदेशी शिकायला गेले, पण पैसे देणारा धोक्यातही वाटेकरी असे. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा विद्यार्थी व्हिसा नावाची गोष्टच नव्हती. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून त्या डॉक्टर झाल्या तेव्हा कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली जागा त्यांना देऊ केली गेली होती. आजाराने ती त्यांना भूषवू दिली नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा करारात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे कलम होते. त्या नोकरीत जातीने त्यांचा जो छळ मांडला, तो पाहता जुनी व्यवस्था आदर्श होती असे कोणी म्हणू नये. तरी शिक्षणाचा खर्च आणि परतल्यावरचे काम एकाच करारात बांधलेले होते, एवढे मान्य करावे लागते. आज विद्यापीठाला शुल्क मिळते, बँकेला व्याज मिळते, आणि सल्लागाराला विद्यापीठाकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे दलाली मिळते. मुलाला नोकरी लागो न लागो, यांतल्या एकाचाही रुपया कमी होत नाही. अमेरिकेचा उच्च शिक्षण कायदा देशातल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाकडे ओढणाऱ्यांना विद्यार्थ्यामागे मोबदला द्यायला मनाई करतो, कारण त्यातून दिशाभूल होते हे त्यांनी अनुभवले आहे. त्याच कलमात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मात्र अपवाद ठेवलेला आहे. स्वतःच्या मुलांसाठी जे घातक मानले, ते आपल्या मुलांसाठी त्यांनी खुले ठेवले. मग ती उणीव आपल्याच कायद्याने भरून काढायला नको का?

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची करतो. शिक्षणासाठी पाठवणारा त्याच्या कक्षेबाहेर आहे. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि त्यात परदेश शिक्षणाचे सल्लागार व इंग्रजी चाचणीचे वर्ग आणले. हरियाणानेही २०२५ मध्ये प्रवास दलालांच्या नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्रात असे काही नाही. ठाणे-डोंबिवलीच्या वाचकाला हा मुद्दा समजायला महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या राज्य नियामकाचे, उदाहरण पुरेसे आहे. १ मे २०१७ नंतर फ्लॅट घेणाऱ्याला प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, ताब्याची तारीख हे सगळे पाहता येते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. म्हणजे घर घेताना कायदा पाठीशी उभा राहतो. तेच घर मुलाच्या शिक्षणासाठी गहाण टाकताना पाठीशी कोणीच नसते. सल्लागाराने कोणत्या विद्यापीठाकडून किती दलाली घेतली, अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक कोणता, परवान्याची मुदत आज किती आणि गेल्या दहा वर्षांत ती किती वेळा बदलली, अर्ज फेटाळला गेला तर कोणते पैसे परत मिळतील, एवढे एका पानावर मराठीत लिहून, नोंदणी क्रमांक टाकून द्यावे. बँकेने दुसरे पान द्यावे, ज्यात नोकरी तिकडे लागली तर, एकाच वर्षानंतर परतावे लागले तर, आणि लागलीच नाही तर असे तीन हप्ते मांडलेले असतील.

यावर पहिली हरकत येईल ती डोंबिवलीतूनच. नोंदणीने फसवणूक थांबते हे आम्हाला सांगू नका, असे तिथला नागरिक म्हणेल, कारण कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ बेकायदा इमारती बनावट परवानग्यांवर महारेराचे क्रमांक मिळवून उभ्या राहिल्या आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. घर गमावण्याची भीती घेऊन बसले ते खरेदीदार. ही हरकत मी हलकी मानत नाही. तिचा धडा असा, की केवळ अर्ज स्वीकारून क्रमांक देणारी नोंदणी कुचकामी ठरते. कागद मूळ कार्यालयाकडून पडताळून घेतले पाहिजेत. पण तिथे महारेराच्या क्रमांकाशी पालिकेची परवानगी ताडून पाहता आली, म्हणूनच बनावटपणा सिद्ध झाला. परदेशी शिक्षणाच्या धंद्यात ताडून पाहायलाच काही नाही. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली, तेव्हा त्यांना ते कळले ते बऱ्याच वर्षांनी, कायमच्या वास्तव्याचा अर्ज केल्यावर. आणि तोवर हद्दपारीची नोटीस हाती आली होती. प्रकार पंजाबमधल्या दलालाचा होता, आणि तिथे कायदा होता, हेही मान्य. म्हणून तर कायद्यात परदेशी विद्यापीठाकडून थेट पडताळणीचे कलम पहिल्या दिवसापासून हवे.

दुसरी हरकत अधिक जिव्हाळ्याची आहे. एवढे धोके दाखवले तर ज्यांच्या घरात कोणी परदेशी गेले नाही अशी मुले घाबरून मागे सरतील, आणि फक्त पैसेवाल्यांची मुले जातील, असे म्हटले जाते. मला नेमके उलटे वाटते. ज्याच्या वडिलांचे तीन फ्लॅट आहेत, त्याला ही माहिती नसली तरी चालते. एक चूक तो सोसू शकतो. ज्याचे एकच घर आहे, त्याला ती आधी हवी. त्याला थांबवायचे नाही, त्याला विषय, देश आणि कर्जाची रक्कम निवडायला मदत करायची आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. त्यांना घर गहाण टाकावे लागत नाही, आणि म्हणून परतण्याचीही धास्ती नसते. ही संख्या वाढवणे हे माहिती दडवण्यापेक्षा कितीतरी अधिक न्याय्य आहे. ‘सगळे संकेतस्थळांवर आहेच, मुले सज्ञान आहेत’ ही तिसरी हरकत मी लवकर बाजूला ठेवतो. परक्या देशाचा कायदा परक्या भाषेत वाचून त्यावर चाळीस लाखांचा निर्णय घ्यावा, आणि शेजारी बसून समजावणाऱ्याला त्या निर्णयावर दलाली मिळत असावी, याला माहितीची उपलब्धता म्हणत नाहीत.

जाऊच नका, असे सांगणाऱ्यांतला मी नाही. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतले १ लाख ४३ हजारांहून अधिक ओपीटीवर काम करत होते. त्यांतले असंख्य जण आपले कर्ज फेडतील आणि घरीही आधार देतील. जर्मनीसारखा देश तर हिशेबच बदलतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेते. वर्षभर राहण्याच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच अडकवलेल्या खात्यात ठेवावे लागतात, वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. मुदत ब्रिटनएवढीच, पण कर्ज ४० लाखांच्या जागी १५-२० लाखांवर येते, आणि तेवढे भारतातल्या पगारातूनही फिटू शकते. अट एकच, भाषा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये याच बाडेन-वुर्टेमबर्गशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, त्यात जर्मन भाषेचे शिक्षण हा मुख्य भाग होता. बांदोडकर, पेंढरकर, बिर्ला अशा महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षापासून जर्मनचे गंभीर वर्ग चालले, तर या भागातल्या मुलांना परदेशाचा कमी कर्जाचा रस्ता खुला होईल. देश निवडताना माझी कसोटी एवढीच राहील, की उद्या परतावे लागले तर हप्ता इथल्या पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो का.

कायदा व्हायला वेळ लागेल. पण बँकेच्या पानासाठी कायद्याचीही वाट पाहायला नको, आणि इथे ठाणे-कल्याणला एक सोय आहे जी फार थोड्या भागांना आहे. टीजेएसबी, ठाणे भारत, कल्याण जनता, डोंबिवली नागरी या सहकारी बँका इथल्याच ठेवीदारांनी उभ्या केल्या. त्यांचे कर्जदार हेच त्यांचे सभासद आहेत, आणि वार्षिक सभेत संचालकांना प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांना आहे. परदेशी शिक्षणाच्या प्रत्येक कर्जासोबत तीन हप्त्यांचे पान द्यावे, आणि परवाना नाकारला गेल्याने परतलेल्या विद्यार्थ्याला हप्ता सुरू होण्यासाठी आणखी एक वर्ष द्यावे, असा ठराव यंदाच्या सभेत कोणत्याही सभासदाला मांडता येईल. कर्जमंजुरीचा हंगाम एप्रिल ते जुलै असतो आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत होतात, म्हणजे ठराव यंदा झाला तर पुढच्या उन्हाळ्यात निघणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांत ते पान असेल.